दुपाऱ्याची दोन बोटं

तोंड झाकून फिरणारे बाकीचे नायक रात्री बाहेर पडतात. आमचा पडायचा भर दुपारी. यामागं फार खोल विचार नव्हता. चित्रं काढणारा मी वणीचा, गोष्टी लिहिणारे झाडे सरही वणीचे. मे महिन्यात दुपारी आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, कूलर घरघरत असतात आणि माणसं आडवी झालेली असतात. कोणाला गुपचूप काही करायचं असेल तर वणीत रात्र काही कामाची नाही, कारण उकाड्यानं सगळे गच्चीवर जागे असतात. कोण कुठं निघालं हे चार घरं पलीकडच्या माणसालाही कळतं.

मुखवट्याचंही तसंच. तो आम्हाला विकत आणावा लागला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं गाडीवर निघालेला माणूस डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळूनच निघतो, डोळे तेवढे उघडे. बँकेचा साहेब तसाच, दूधवाला तसाच आणि लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारा वरबापही तसाच. आमचा नायक कोणाच्या तरी कानफटात ठेवून बाजारात शिरला की पोलिसांनी त्याला ओळखायचा कसा? अख्खा बाजारच त्याच्यासारखा दिसायचा.

त्याचं नाव दुपाऱ्या. पातळ कागदाचं, रंगीत कव्हरचं आणि आत काळ्या शाईचं पुस्तक. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, पानठेल्यावर मिळायचं. पुढं लोक मोबाइलवर वाचायला लागले तसं आम्ही मोबाइलवरही गेलो. मी ते इतकी वर्षं काढलं की गावात सलीम पेंटर म्हटलं तर कोणी बोर्ड रंगवणारा सांगतो, कोणी ट्रक रंगवणारा सांगतो, पण पोरं मात्र दुपाऱ्यावाले चाचा म्हणतात. तिसरी ओळख मला जास्त आवडते, हे कबूल करायला हरकत नाही.

दुपाऱ्याला उडता येत नव्हतं. भिंतीवर चढतानाही त्याला दम लागायचा. बरं, तो सज्जनही नव्हता. खोटं बोलायचा, उसनी आणलेली मोटारसायकल परत करायचा नाही, एकदा तर त्यानं एका गुंडाच्या टाकीतलं डिझेल काढून ऑटोवाल्यांना वाटलं होतं. गुंड त्याच्या मागं आणि पोलीसही त्याच्या मागं. झाडे सर शाळेत भूगोल शिकवायचे आणि बोलण्यात फार सावकाश. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "सलीमभाई, देवमाणूस नको. आपल्याला वाकडा माणूस पाहिजे. फक्त त्याचा वाकडेपणा ज्याला लागायचा त्यालाच लागला पाहिजे." ते वाक्य मी माझ्या शेडच्या दारावर आतून रंगवून ठेवलं होतं.

आता माझ्या मूळ धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच निघाली. माझे अब्बा ट्रक रंगवायचे. मीही तेच शिकलो. कोळशाच्या गाड्यांमुळं वणीत ट्रकाला तोटा नाही आणि ट्रकवाल्यांच्या हौसेलाही नाही. एका मालकाला दारावर वाघ हवा होता, पण वाघाला त्याच्या स्वतःसारख्या मिशा हव्या होत्या. काढून दिल्या. दुसऱ्यानं मोर काढून घेतला आणि मोर फार लाजरा दिसतो म्हणून तीनदा पुसायला लावला. लाजरा नसलेला मोर कसा असतो ते मला अजून कळलेलं नाही.

असं चित्र दोन्ही दारांवर सारखं यावं म्हणून आम्ही खाका करतो. जाड कागदावर वाघ काढायचा, त्याच्या रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद दारावर धरायचा आणि वरून गेरूच्या पुडीची पोटली आपटायची. दारावर ठिपके उमटतात, त्यावरून ब्रश फिरवायचा. दुसऱ्या दाराला तोच कागद उलटा करून लावायचा. उलटा का, तर वाघाचं तोंड दोन्ही बाजूंनी पुढंच पाहिजे, गाडी जाते तिकडं. ज्या ट्रकाचा वाघ मागं पाहतो तो ट्रक घरी परत येत नाही असं ड्रायव्हर लोक मानतात. खरंखोटं मला माहीत नाही. पण मागं पाहणारा वाघ मी जन्मात काढला नाही, आणि खाका उलटा करायला माझ्या हाताला विचार करावा लागत नाही.

झाडे सर शाळेची भिंत रंगवायचं विचारायला आले तेव्हा शेडमध्ये असाच एक वाघ वाळत होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि याला कागदावर पळवता येईल का असं विचारलं. दुपाऱ्याची सुरुवात ही एवढीच.

चित्रकथेत रेघ बरी आली की झालं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आपण मराठी डावीकडून उजवीकडं वाचतो, त्यामुळं वाचणाऱ्याचा डोळाही तसाच पळतो. नायक उजवीकडं धावला तर तो पुढं चाललाय असं वाटतं. डावीकडं धावला तर घरी काहीतरी विसरला म्हणून परत निघालाय असं वाटतं. ठोसा डावीकडून आला तर लागतो, उजवीकडून आला तर अडतो. आणि बोलण्याचे फुगे आधी बसवावे लागतात. झाडे सरांच्या वाक्यांना जागा देता देता कित्येकदा माझ्या मारामारीला कोपराच उरायचा. आमची भांडणं झाली ती एवढ्यावरूनच.

मी ट्रकवाला माणूस. मी दुपाऱ्याचेही खाके केले. धावणारा, उडी मारणारा, ठोसा मारणारा, चाकाशी उकिडवा बसलेला. गोष्टीला गरज पडेल तसा खाका काढायचा, दिशा जुळत नसेल तर उलटा करायचा. तोंड पुढं राहिल्याशी मतलब.

हे खाके मी मनानं काढत नव्हतो. माझ्या शेडला लागून नामदेव मत्तेचं टायरचं दुकान होतं, चंद्रपूर रोडवर. घण मारून मारून त्याचे खांदे असे झाले होते की शर्ट शिवणाऱ्याला कापड जास्त लागायचं. अंग असावं तर असं, म्हणून मी त्याला उभा करून चित्र काढायचो. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. ट्रकाच्या चाकाला कडेनं एक लोखंडी रिंग असते, हवा भरताना ती नीट बसली नसेल तर बंदुकीसारखी उडते. नामदेवची दोन बोटं तिनं नेली. तो म्हणायचा, मुंडकं नेलं नाही हेच बरं. झाडे सरांनी तो हात पाहिला आणि दुपाऱ्याचीही दोन बोटं कापून टाकली. वाचणाऱ्यांना ते फार आवडलं.

पण अंगानं दुपाऱ्या असलेला नामदेव मनानं कसा होता ते सांगितलं तर हसाल. त्याच्या दुकानात बकरी शिरून चहा प्यायली तरी तो तिला हात लावायचा नाही, नुसता बाजूला उभा राहून हो बाई, हो बाई करायचा. ठोसा मारायची पोज घे म्हटलं की आधी विचारायचा, "मी कोणाले मारून राह्यलो? त्यानं का केलं?" मग मला त्याला सरांची अख्खी गोष्ट सांगावी लागायची. समोरच्या माणसाचा गुन्हा त्याला पटला नाही तर त्याची मूठच आवळली जायची नाही. "एवढ्यासाठी मारू काय त्याले?" असं म्हणून हात खाली घ्यायचा. दोनदा तर सरांनी गुंडाचा गुन्हा वाढवून दिला, नामदेवच्या मुठीसाठी.

आणि कोणी आवाज चढवला की नामदेव हो म्हणायचा. काहीही असो. गिऱ्हाईक ओरडलं की तूच टायर फाडला, तर तो म्हणायचा, असंल. ही खोड लक्षात ठेवा.

वाचक लोक फार प्रेमळ आणि फार चिकट. सगळ्यांना दुपाऱ्याचं आडनाव हवं असायचं. कुणबी वाचक म्हणायचे हा आमचाच, रागावर जातो त्यावरून कळतं. तांड्यावरचे म्हणायचे दुपट्टा आमच्या पद्धतीनं बांधतो. झरी जामणीकडच्या एका वनमजुराचा फोन आला की जंगलात याला वाट बरोबर सापडते, म्हणजे हा आमचा कोलामच. आमच्या मोहल्ल्यात तर शंकाच नव्हती, काढणारा सलीम आहे म्हटल्यावर दुसरं कोण असणार. आम्ही शेवटपर्यंत दुपट्टा सोडला नाही आणि आडनावही दिलं नाही. प्रत्येकाला तो आपला वाटत होता, तो तसाच राहू द्यावा असं मला आणि सरांना दोघांनाही वाटायचं.

पण सगळ्यांत चिकट वाचक म्हणजे महागावचे पुंडलिकराव. एसटीचे निवृत्त कंडक्टर. पुस्तक हातात पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ सुरू: "पेंटरसाहेब, बोटं पुन्हा सरकली."

झालं होतं असं, की खाका उलटा केला की नामदेवचा उजवा हात डावा व्हायचा. वाघाच्या बाबतीत कोणाच्या लक्षात येत नाही, वाघाचे दोन्ही पंजे सारखे. दुपाऱ्याची मात्र तुटकी बोटं एका पानावर उजव्या हाताला, दुसऱ्यावर डाव्या हाताला. दर वेळी ठरवायचो की आता लक्ष द्यायचं, आणि दर वेळी दुपाऱ्याला पुढं पळवण्याच्या नादात विसरायचो. हजारो लोकांनी वाचलं, पण पकडलं ते एकट्या पुंडलिकरावांनी. आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासलेला माणूस. पुढं पुढं मी त्यांचा नंबर दिसला की मोबाइल उशीखाली सरकवायला लागलो.

अशात सरांनी जादा भरलेल्या ट्रकांची गोष्ट लिहिली. एक मालक ट्रकात झेपेल त्याहून जास्त कोळसा कोंबतो, ब्रेक लागेनासे होतात, ड्रायव्हर जीव मुठीत धरून चालवतात. दुपाऱ्या भर दुपारी मालकाच्या यार्डात शिरतो, एकेका टायरच्या व्हॉल्व्हमधली पिन काढतो, हवा सोडून देतो आणि सगळ्या पिना बोनेटवर ओळीनं मांडून निघून जातो. ड्रायव्हरला हात लावत नाही. कव्हरवर मी चाकाशी उकिडवा बसलेला दुपाऱ्या काढला, पिन हातात. नावाच्या अक्षरांखाली जागा रिकामी राहिली होती म्हणून ट्रकाच्या कॅबिनवर एक कावळा बसवला. ट्रकाचं तोंड उजवीकडं हवं होतं, म्हणून खाका उलटा केला. पुस्तक निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांचा फोन आला. मी उचलला नाही.

थोड्याच दिवसांत, ऐन मे महिन्यात, गावाबाहेरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात दुपारी सगळे ट्रक बसलेले सापडले. टायर जमिनीला टेकलेले, बोनेटवर पिनांची ओळ. ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव मी लिहीत नाही, सेठ म्हणू. गाव दिवसभर हसलं. मीही हसलो, चहाच्या टपरीवर दोन लोकांनी माझ्याशी हात मिळवला. संध्याकाळी नामदेवची बायको शोभावहिनी शेडच्या दारात आली. पदर तोंडात धरलेला होता. "भाऊ," ती म्हणाली, "यायले ठाण्यात नेलं. तुमच्या पुस्तकापायी."

मी ब्रश धुतलासुद्धा नाही. झाडे सरांना घेतलं आणि निघालो. रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आतापर्यंत कोणीतरी नामदेववर ओरडलं असेल आणि तो हो म्हणून बसला असेल. त्यावर केस लागली की त्या रोडवरचे निम्मे ट्रक ज्या सेठच्या शब्दावर चालतात तो सेठ एकही टायर त्याच्या दुकानात जाऊ देणार नाही. बोटं गेल्यावर नामदेवनं डाव्या हातानं घण मारायला शिकून दुकान पुन्हा उभं केलं होतं. ते माझ्या एका कव्हरामुळं जाणार होतं.

ठाणेदार साताऱ्याकडचे, नवीन आलेले. टेबलावर आमची दोन पुस्तकं होती. एका बाजूला सेठचा मॅनेजर आणि यार्डाचा चौकीदार, दुसऱ्या बाजूला नामदेव, दोन्ही हात टेबलावर ठेवून, शाळेत बसवल्यासारखा. मला पाहून त्याला धीर यायला हवा होता, पण तो आणखीनच खाली पाहायला लागला.

मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. पेंटर याला उभा करून दुपाऱ्या काढतो हे गावाला ठाऊक आहे. दुपाऱ्याला दोन बोटं नाहीत, याला दोन बोटं नाहीत. दुपाऱ्याला टायरचं काम येतं, याला येतं. आधी पुस्तकात सांगितलं आणि मग तसंच करून दाखवलं. वर चौकीदारानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हा काय म्हणाला?" मी नामदेवकडं बोट करून विचारलं. ठाणेदार म्हणाले, "मॅनेजरसाहेब जरा मोठ्यानं बोलले तेव्हा म्हणाला, असेल. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मी दुपारी झोपलो होतो. यातलं कुठलं लिहू?" झाडे सरांनी कपाळाला हात लावला.

मग ठाणेदारांनी चौकीदाराला पुन्हा एकदा सांगायला लावलं. म्हातारा माणूस, घाबरलेला. "दुपट्टा बांधेल होता साहेब. चाकापाशी बसेल होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, मी सोता पाह्यलं."

ठाणेदारांनी नामदेवच्या हातांकडं पाहिलं. तुटलेला हात उजवा होता. मॅनेजर लगेच म्हणाला की समोरून पाहिलं की डावं-उजवं उलट वाटतं, अडाणी माणूस आहे. ठाणेदारांनी मान हलवली. तसं होऊ शकतं, असं त्यांना वाटलं असावं.

माझी नजर टेबलावरच्या कव्हरवर गेली. माझंच कव्हर. दुपाऱ्या, चाक, पिन आणि तुटका डावा हात. पुंडलिकरावांचा न उचललेला फोन कानात वाजल्यासारखं झालं. चौकीदारानं माणूस पाहिलाच नव्हता. त्यानं माझी चूक पाहिली होती.

मी म्हणालो, "साहेब, हे चित्र चुकलेलं आहे. आमच्या दुपाऱ्याचा तुटका हात उजवा. कव्हरवर डावा पडला, कारण मी खाका उलटा केला. याचा हात पाहून कोणी डावा म्हणणार नाही. कव्हर पाहून म्हणेल." मॅनेजर हसला. म्हणाला, दोस्त अडकला तर आता चित्र चुकलं. ठाणेदारांनी मला विचारलं की ही चूक आज सुचलेली नाही हे कशावरून. रास्त प्रश्न होता. माझं आणि सरांचं कोण खरं धरणार?

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा आपण होऊन पुंडलिकरावांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"पेंटरसाहेब? तुम्ही सोताहून? तब्येत बरी हाय ना?"

मी म्हणालो, "काका, दुपाऱ्याच्या बोटांबद्दल तुमचं जे म्हणणं आहे, ते इथं एका साहेबांना सांगा. सगळं सांगा."

कोण साहेब, कशाला, काही विचारलं नाही. या एका दिवसासाठीच ते इतकी वर्षं थांबले होते जणू. पेट्रोलपंपाच्या गोष्टीत भिंतीवरून उतरताना उजवा हात तुटका, खाली येऊन चहा घेताना डावा. कापसाच्या जिनिंगच्या गोष्टीत एकाच पानावर दोन्ही प्रकार. बैलबाजाराच्या गोष्टीत तर वरच्या चौकटीत उजवा, खालच्या चौकटीत डावा. "अन् आत्ताच्या पुस्तकात तर हद्द केली. कव्हरवर डावा हात तुटका, आत उघडून पाहा, तीच पिन, तेच चाक, अन् हात उजवा. हा माणूस हाय का सर्कस?" ठाणेदारांनी पुस्तक उघडून पाहिलं. आत उजवा होता. मी खाली मान घालून उभा होतो. माझ्या कामाची इतकी सविस्तर बेइज्जती कधी झाली नव्हती आणि तिची मला इतकी गरजही कधी पडली नव्हती.

ठाणेदारांनी विचारलं, "तुम्ही हे पेंटरना कधीपासून सांगताय?"

"पयल्या पुस्तकापासून. ऐकतच नाहीत. कोण बोलून राह्यलं?"

"ठाणेदार बोलतोय."

 मग पुंडलिकराव म्हणाले, "बरं झालं साहेब. आता तुम्हीच काही कारवाई करा यायच्यावर."

हवालदाराला हसू आवरेना, तो पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेला. ठाणेदारांनी फोन बंद केला, कव्हर पालथं केलं आणि चौकीदाराला आपल्याजवळ खुर्चीवर बसवलं. आवाज न चढवता विचारलं की बाबा, तो माणूस बसला होता तिथं आणखी काय काय होतं, आठवेल तसं सांगा. चौकीदारानं डोळे मिटले. "ट्रक होता. मोठं चाक होतं. त्याच्या हातात पिन होती. अन् कॅबिनवर कावळा होता."

मे महिन्यातल्या दुपारी ट्रकाच्या तापलेल्या टपावर कावळा. झाडे सरांना ठसका लागला. ठाणेदारांनी पुस्तक पुन्हा सुलटं केलं आणि कावळ्यावर बोट ठेवलं. मग म्हाताऱ्यानं सगळं सांगून टाकलं. तो कडुलिंबाच्या सावलीत झोपला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं, आणि झोपलो होतो असं सांगितलं तर नोकरी गेली असती. मॅनेजरनं पुस्तक समोर धरून असाच होता ना असं विचारलं, तर तो हो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. नामदेवही तेच करून बसला होता. मॅनेजरला आत बसवून ठेवलं आणि आम्हाला सोडलं.

आम्ही बाहेर आलो. शोभावहिनी फाटकाशी उभी होती, तिनं नामदेवला खालून वरपर्यंत पाहिलं आणि मगच पदर तोंडातून काढला. समोरच्या रसवंतीवर सगळ्यांनी रस घेतला. नामदेवनं दोन ग्लास संपवले, तिसरा हातात धरून नुसता बसला. इतकं हलकं मला मुलीच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. 

शेवटी नामदेव म्हणाला, "सलीमभाऊ, एक सांगू का? ते बोटं आता कधीच सरळ नोको करू. तुह्या उलट्या कामानं वाचलो मी."

मी कबूल केलं. आणि त्यानंतर मी खाके मुद्दाम उलटे करायला लागलो. पुंडलिकराव फोन करत राहिले, मी उचलत राहिलो, शेवटी दर वेळी मेहरबानी म्हणायचो. त्यांना ते टोमण्यासारखं वाटायचं.

पिना कोणी काढल्या ते पुढं दिवाळीच्या आसपास कळलं. सेठच्याच गाडीचा एक ड्रायव्हर दार रंगवायला आला होता. वाघ अर्धा झाला असताना त्यानं आपण होऊन सांगितलं की ते काम ड्रायव्हरांनीच मिळून केलं होतं. ब्रेक धरत नव्हते, वजन कमी करा म्हणून सांगून थकले होते, एक गाडी उतारावर जाता जाता वाचली होती. पुस्तक केबिनमध्येच पडलेलं होतं. "आम्ही केलं म्हटलं असतं तं कामावरून काढलं असतं, चाचा. दुपाऱ्यानं केलं म्हटल्यावर कोणाले काढणार? नामदेवभाऊचं तं आमच्या ध्यानातच नाही आलं." त्याला मनापासून वाईट वाटत होतं. त्याच्यानंतर त्या यार्डातले सगळे ड्रायव्हर, सेठ काही म्हणो, टायर घेऊन नामदेवकडंच यायला लागले. गाड्यांतलं वजनही थोडं कमी झालं, असं तो म्हणाला. झालं असेल. मला त्याहून नामदेवच्या दुकानापुढची रांग पाहून जास्त बरं वाटायचं.

यंदा दुपाऱ्या थांबला. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका बारीक रेघेच्या आता दोन दिसतात. सरही निवृत्त झाले आणि त्यांच्या मते वाकड्या माणसानं फार दिवस फिरू नये. शेवटच्या गोष्टीत त्यांनी मारामारीच ठेवली नाही. दुपाऱ्या दुपट्टा काढून खुंटीला लावतो, आपल्याकडं पाठ करून टाकीवर हात धुतो, आणि संपलं. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही.

मी नामदेवला बोलावलं. त्यानं नेहमीप्रमाणं विचारलं, "आज कोणाले मारायचं?" कोणालेच नाही, नुसते हात धुवायचे, असं मी सांगितलं. तो त्याच्या दुकानातल्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला, ज्या टाकीत ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात त्या. या चित्रात कुठं धावायचं नव्हतं, त्यामुळं खाका लागला नाही. मी समोर बसून सरळ काढलं. पाठ, खांदे, पाण्यावर पुढं केलेले दोन्ही हात. बोटं काढायला लागलो आणि थांबलो नाही. दहाही काढली.

नामदेव जवळ येऊन पाहायला लागला. बराच वेळ पाहिलं. मग आपला उजवा हात चित्राशेजारी ठेवला.

"हे कोणाचे हात होय?"

"तुहेच," मी म्हणालो. तो हात पुसत दुकानात गेला, आणि थोड्या वेळानं तिकडून घणाचा आवाज यायला लागला.

पुस्तक निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल समोर ठेवूनच बसलो होतो. वेळेवर वाजला.

"पेंटरसाहेब," पुंडलिकराव म्हणाले, "शेवटच्या पानावर दहा बोटं हायेत."

"हो काका."

पलीकडं पान उलटल्याचा आवाज आला, मग पुन्हा सुलटल्याचा. मी वाट पाहत होतो.

"राहू द्या," ते म्हणाले. "बरोबर हाय हे."